खडबडीत वाटेला मोठे चाक

“व्यायामासाठी सायकल घ्या,” असे मी आजवर कितीतरी रुग्णांना सांगितले. कोणती घ्या, हे सांगायचे मात्र राहून गेले. त्याचा भुर्दंड एका शेतकरी बांधवाला पडला, म्हणून आजचा हा लेख.

देवळ्याजवळच्या एका मळ्यात राहणारे हे गृहस्थ पन्नाशीला टेकलेले. रक्तात साखर, पोट सुटलेले आणि थोडे चालले की गुडघे दुखायचे. मी सायकल सुचवली. त्यांनी हौसेने आणलीही. पुढे स्प्रिंग, सीटखाली स्प्रिंग, रंग असा की लांबून डोळ्यांत भरावा. दोन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा साखर होती तिथेच, वर कंबर धरलेली.

“सायकलीचे काय झाले, आप्पा?” मी विचारले.

“चाळीत टांगली, डॉक्टर. कांद्याला वारा लागतो, तिलाही लागेल!”

मी हसलो, पण मनाला लागले. रविवारी त्यांच्या मळ्यात गेलो आणि ती सायकल खाली काढून स्वतः चालवून पाहिली. पाणंदीला लागताच दुखणे कळले. पायडलवर जोर दिला की मागची स्प्रिंग दबायची आणि बराचसा जोर तिथेच जिरायचा. चाके लहान, त्यामुळे प्रत्येक खळग्यात धक्का. सीट इतकी खाली की गुडघे पोटाला लागायचे. अशा सायकलीवर कोणाचाही उत्साह टिकला नसता.

त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी मी बारीक टायरची, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल घेतली होती. डांबरावर ती वाऱ्यासारखी पळायची. एका सकाळी मळ्याकडच्या खडीवर वळलो आणि पुढचे चाक घसरले. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. आप्पांची चूक आणि माझी चूक एकच होती. आम्ही सायकल पाहिली, वाट पाहिली नाही.

आपली वाट कशी आहे?

देवळ्यातून चांदवडकडे निघा किंवा लोहोणेरच्या बाजूने सटाण्याकडे जा, रस्ता डांबरी आहे. पण ट्रक आणि कांद्याने भरलेले ट्रॅक्टर अंगावरून जातात. हंगामात तर सायकलस्वाराने कडेला उभेच राहावे. तब्येतीसाठी निवांत सायकल चालवायची तर शिवाररस्ते बरे. तिथे मुरूम आहे, उघडी पडलेली खडी आहे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आहेत आणि बाभळीचे काटे आहेत. भावडबारीच्या डोंगराकडे सरकले की चढही येतो. या वाटेला लागते मोठ्या चाकाची, रुंद टायरची आणि फक्त पुढे शॉकअप असलेली साधी सायकल. दुकानात ती ‘हार्डटेल’ म्हणून मागावी. मागचा सांगाडा ताठ, स्प्रिंग नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्या चाकाचा फायदा समजायला सोपा आहे. बैलगाडीचे चाक ज्या खळग्यावरून सहज जाते, त्यात ढकलगाडीचे चाक रुतते. चाक मोठे असले की खळग्यात कमी उतरते आणि दगडावर हळूच चढते. धक्का कमी बसला की मनगट, मान आणि कंबर यांना आराम मिळतो. मागे स्प्रिंग नसल्याने पायाचा जोर थेट चाकाला पोचतो, वजन कमी राहते आणि बिघडायलाही कमी जागा उरते. महागड्या सायकलींत मागची स्प्रिंग चांगली असते, पण स्वस्तातली दोन शॉकअपची सायकल म्हणजे दोन दुखणी.

सध्या अशा सायकलींना २९ इंची चाक येते. जुन्या मंडळींना यात नवल वाटू नये. आपल्या काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकात टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर २९ इंचीचा ६२२. म्हणजे आजोबांची रिम नातवाच्या रिमेपेक्षा किंचित मोठीच! फरक टायरचा. काळ्या सायकलीचा दीड इंच रुंद, हिचा दोन-सव्वादोन इंच. डोंगरी सायकल मूळची अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. तिथल्या हौशी पोरांनी १९७० च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावर पिटाळल्या, त्यातून ती घडली. पुढे बरीच वर्षे तिचे चाक २६ इंची होते. २९ इंची चाक २००० नंतर रुळले.

घेताना काय पाहावे?

किंमत पाहून घाबरू नका आणि भुलूही नका. पंधरा ते पंचवीस हजारांच्या आसपास चालण्याजोगी सायकल मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर तेवढे पाहून घ्या. गिअर २१ की २४ या फंदात पडू नका. चढावर दम न लागता पाय फिरवता येईल असा हलका गिअर हवा, एवढे पुरे. रिम दुहेरी भिंतीची असावी. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक आपल्याला पुरतात आणि गावातल्या मिस्त्रीलाही समजतात. दोन्ही पाय टेकवून उभे राहिल्यावर मधली नळी आणि जांघ यांत दोन-तीन बोटांचे तरी अंतर राहायला हवे. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर २९ चा हट्ट न धरता साडेसत्तावीस किंवा २६ इंची चाक घ्यावे. बायकांनी आणि शाळकरी मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हेल्मेट, पंप, पंक्चरचे सामान आणि एक जादा ट्यूब यांचे पैसे आधीच बाजूला काढा. बाभळीचा काटा तुमच्या सायकलीची किंमत विचारत नाही.

बसण्याची रीत

गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा सीटच्या उंचीत असते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्याला किंचित बाक राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागे. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा. टायर दगडासारखा टणक करू नका. कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी ठेवली की टायर जमीन धरतो आणि धक्काही शोषतो. मात्र टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत राहा. हाताची करंगळी बधिर होऊ लागली तर हँडलवरचा भार कमी करा, पकड मधूनमधून बदला. जांघेत बधिरपणा आला तर उतरून थांबा आणि सीटचा कल तपासा.

पहिल्या आठवड्यात रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम.

हे विसरू नका

चाळिशीनंतर, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर कोणत्याही वयात, आधी तपासणी करून घ्या. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते. खिशात खडीसाखर ठेवा. थरथर, घाम, गरगर वाटले की ताबडतोब थांबून ती खा. छातीत दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर घरापर्यंत पायडल मारत येऊ नका. तिथेच बसा आणि मदत बोलवा.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. आपल्याला मात्र घरापासून मळ्यापर्यंत जायचे आहे आणि उद्या पुन्हा जायचे आहे.

आप्पांनी ती सायकल पुतण्याला देऊन टाकली. थोडे पैसे घालून मोठ्या चाकाची आणली आणि सीट मी स्वतः बसवून दिली. आता ते मळ्यात पाणी धरायला सायकलीवरच जातात. गोळ्या चालू आहेत, त्या बंद करायच्या नाहीत हे मी बजावले आहे. पण तीन महिन्यांची सरासरी साखर पूर्वीपेक्षा खाली आली आहे आणि कंबर बोलत नाही. परवा रस्त्यात भेटले, तर थांबायलाच तयार नव्हते. “मागून या डॉक्टर,” म्हणाले आणि निघून गेले.