पहिली वाकळ वाकडीच असते



बेळगाव-निपाणी भागात वाकळ नाही असे शेतकऱ्याचे घर सापडणे कठीण. कन्नड बोलणारे आपले शेजारी तिला कौदी म्हणतात, पुण्याकडे तीच गोधडी होते. जुनी इरकल लुगडी, विरलेली धोतरे, मुलांच्या अंगाला न येणारे सदरे, सगळे तिच्या पोटात जाते. आजवर ती हाताने, धावदोरा घालून शिवली गेली. आता अनेक घरांत शिवणयंत्र आले आहे. म्हणून या वेळी यंत्रावर वाकळ कशी शिवावी आणि पहिले काम बिघडले तर काय करावे, याचा विचार करू.

घरभेटीला गेलो की एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. मुलीने शिवणवर्ग पुरा केलेला असतो, घरात मशीनही असते. पण मशीनवर चादर, चादरीवर औषधांच्या बाटल्या आणि पोरांची दप्तरे. विचारले तर उत्तर ठरलेले, "फादर, मला नाही जमत. टाके वाकडे येतात." एक-दोन दुपटी वाकडी झाली आणि हात थांबला. हाताशी आलेले कौशल्य असे वाया जाते, पुढे मिळू शकणारे चार पैसेही जातात. हे आम्हाला खटकते, म्हणूनच हा लेख.

मोकळ्या हाताचे शिवण म्हणजे काय?

झंपर शिवताना मशीन स्वतः कापड पुढे ओढते. सुईखालच्या पत्र्यातून बारीक दाते वर येतात, कापड धरतात आणि ठराविक अंतर पुढे सरकवतात. म्हणून टाका सारखा पडतो. मात्र रेघ सरळच जाते. वाकळीवर वेल, फूल, क्रूस किंवा पाण्याच्या लाटा काढायच्या तर कापड चारी दिशांना फिरले पाहिजे. त्यासाठी हे दाते खाली पाडतात. मग कापड ओढणारे कोणी उरत नाही. सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि कापड आपल्या दोन हातांनी फिरते. नेहमी कागद स्थिर असतो आणि पेन्सिल फिरते. येथे पेन्सिल स्थिर आहे आणि कागद फिरवून चित्र काढायचे आहे. पहिल्या दिवशी हे कोणाला साधेल? हुशार मुलीचेही टाके वेडेवाकडेच पडणार.

टाक्याची लांबी कशावर ठरते, हे समजले की निम्मे शिकणे झाले. पाय मशीन चालवतो, हात कापड चालवतो. पाय जलद आणि हात हळू, तर टाके मुंगीएवढे. हात जलद आणि पाय हळू, तर टाके लांबलचक, आणि सुई वाकून मोडण्याची भीती. दोघांचा मेळ बसला की इंचाला आठ-दहा टाके पडू लागतात. बैलजोडीतला एक बैल पुढे आणि एक मागे ओढत असला की तास वाकडा जातो, तसेच हे. जोडी जुळायला वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

तयारी

१. काही मशीनींना दाते खाली पाडण्यासाठी बटण असते, काहींना खालच्या बाजूला स्क्रू असतो. दोन्ही नसेल तर दात्यांवर झाकणपट्टी बसवावी. किंवा टाक्याची लांबी शून्यावर ठेवावी, म्हणजे दाते हलले तरी कापड ओढणार नाहीत.

२. नेहमीचा फूट काढून रफूचा, स्प्रिंगचा फूट लावावा. तो टाका पडतेवेळी कापड दाबतो आणि सुई वर गेली की सोडतो.

३. फूट खाली करण्याचा दांडा न विसरता खाली घ्यावा. तो वर राहिला तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे होते. "माझी मशीनच खराब" असे म्हणण्याआधी हा दांडा पाहावा.

४. तीन थरांच्या कापडाला १६ नंबरची सुई बरी. शिवणाच्या सुरुवातीला बॉबीनचा दोरा वर काढून घ्यावा आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोरे बोटांनी धरावेत.

५. थांबताना सुई कापडातच ठेवावी, म्हणजे कापड जागचे हलत नाही.

घरच्या वापरातली पाच-सहा थरांची जाड वाकळ या मशीनीत घालू नये. ती हातानेच शिवावी. मशीनसाठी वरचे कापड, मधला मऊ थर आणि तळाचे कापड, एवढे तीन थर पुरेत. थर एकावर एक पसरून चार-चार बोटांच्या अंतरावर कच्चा टाका घालावा, मग मध्यापासून कडेकडे शिवत जावे. याचे कारण सरळ आहे. तिन्ही थर आधीच पुरे पसरलेले असतात. कुठे कापड सैल असेल तर ते सरकत सरकत कडेला निघून गेले पाहिजे. कडेपासून आत शिवलो तर सैल कापड मध्ये कोंडते आणि चुणी पडते.

कापड कोणते घ्यावे?

मार्कच्या शुभवर्तमानात (२:२१) प्रभू येशू कोऱ्या कापडाच्या ठिगळाविषयी बोलतो. कोरे ठिगळ जुन्या वस्त्राला लावले तर ते जुन्याला ओढून फाडते. ज्यांना हे सांगितले त्यांच्या घरी ठिगळे लावली जात होती, म्हणून ते त्यांना लगेच कळले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ते जुन्या लुगड्याशेजारी तसेच शिवले तर एक बाजू आटते, दुसरी फाटते. म्हणून नवे कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापावे.

आपल्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक सूचना. फवारणीच्या वेळी अंगावर असलेले कपडे आणि खताची वा औषधाची पोती वाकळीत घालू नयेत. बाळाच्या दुपट्यात तर मुळीच नको. विषाचा अंश कापडात राहू शकतो आणि बाळाची कातडी कोवळी असते. तंबाखू बांधलेली फडकीही बाजूलाच ठेवावी.

बारा दिवसांचे बारा चौकोन

शिकण्यासाठी मोठी वाकळ हाती घेऊ नये. घरगुती मशीनच्या मानेखाली जागा थोडी असते. त्यात मोठे कापड कोंबताना नवी बाई घाबरी होते. वीतभर, म्हणजे नऊ इंचांचे, तीन थरांचे बारा चौकोन करावेत. रोज एक चौकोन, पंधरा-वीस मिनिटे. शिवण्याआधी तेच चित्र पाटीवर, खडू न उचलता, पाच वेळा गिरवावे. पहिले तीन दिवस नुसत्या लाटा. पुढचे तीन दिवस गोल वळणे. मग वेल आणि पाने. शेवटी क्रूस, फूल, किंवा मनात येईल ते. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात पेनाने दिवसाचा आकडा घालावा.

तेराव्या दिवशी चौकोन तीन-तीनच्या चार ओळींत मांडून कडेला कड लावावी. जोडावर पुढून-मागून कापडी पट्टी ठेवून सरळ शिलाई मारावी आणि सभोवार गोट लावावा. सुमारे सव्वादोन फूट रुंद आणि तीन फूट लांब असे बाळाचे दुपटे तयार झाले. यात एकही चौकोन वाया गेला नाही. पहिल्या दिवसाचा वाकडा चौकोनही कामास आला. तो मुद्दाम पहिल्या कोपऱ्यातच लावावा, लपवू नये. तेथून बाराव्या चौकोनापर्यंत बोट फिरवले की हात कसा वळत गेला ते कोणाच्याही ध्यानात येईल.

काय उसवावे, काय ठेवावे?

निपाणीच्या भगिनींना 'छाट' हा शब्द सांगायला नको. विडी सैल वा वाकडी निघाली की छाट म्हणून बाजूला पडते आणि मजुरी जाते. जन्मभर छाटेच्या धाकात काम केलेल्या बाईला वाकडा टाका दिसला की उसवावासाच वाटतो. पण वाकळीला ही छाट लावू नये. खरोखर उसवावे असे दोष तीनच आहेत.

पहिला, सैल दोऱ्याचे फासे. वळणावर हात झटकला की कापडाखाली दोऱ्याचे लोंबते फासे राहतात. त्यात तान्ह्या बाळाचे बोट अडकून दोरा आवळला जाऊ शकतो. असे टाके काढून पुन्हा घालावेत.

दुसरा, तळाच्या कापडाला पडलेली जाड चुणी. ती बाळाच्या पाठीला टोचते.

तिसरा, ज्या जागी एखादा थर शिलाईत सापडलाच नाही ती जागा. धुतल्यावर आतले कापड तेथे गोळा होते.

बाकी सारे राहू द्यावे. रेघ वाकडी गेली, फुलाची एक पाकळी मोठी झाली, एक टाका लांब आणि एक आखूड पडला, तरी दुपट्याची ऊब कमी होत नाही. उसवण्यात घालवलेल्या तासाभरात आणखी दोन-तीन चौकोन होतात, आणि हात वळतो तो शिवल्याने.

हल्याळकडचे उदाहरण

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले; त्यांपैकी अनेकांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. या समाजात कॅथलिक, हिंदू, मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. १९७६ साली कारवार धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत हा मुलूख आपल्या बेळगाव धर्मप्रांतातच होता.

सिद्दी भगिनी आपल्या वाकळीला कवंद म्हणतात. त्या ती हाताने शिवतात, एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने फिरत मध्याकडे येतात. कापडाचे तुकडे त्या पुढे जाता जाता मांडतात, म्हणून आपल्या मशीनीसारखे कापड मध्ये कोंडत नाही. पट्टी नाही, आखणी नाही. टाक्यांच्या ओळी हाताच्या चालीने जातात, तुकडे लहानमोठे असतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी 'फुले' लावतात, त्याशिवाय कवंद पुरी झाली असे मानत नाहीत. कॅथलिक घरच्या काही वाकळींवर क्रूसही दिसतो. हेन्री ड्रुवल या अमेरिकन कला-अभ्यासकाच्या साहाय्याने २००४ साली या भगिनींची वाकळ शिवणारी सहकारी संस्था उभी राहिली, आणि त्यांच्या वाकळी परदेशातल्या प्रदर्शनांत पोहोचल्या. सरळ रेघेचा हट्ट या भगिनींनी धरलेला नाही, तरी त्यांच्या कामाला मान आहे. आपल्या लेकीसुनांनी हे ध्यानात घ्यावे.

आरोग्याच्या चार गोष्टी

मशीनीवर बसताना खिडकीचा उजेड डाव्या बाजूने यावा. पाठ वाकवून तासन्‌तास बसू नये. वीस मिनिटांनी उठून पाणी प्यावे. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे शोधून डबीत टाकावेत. वाकळीत राहिलेला तुकडा बाळाच्या अंगात जाईल.

पातळ वाकळीचा मोठा गुण हा की ती घरी धुता येते आणि दिवसभरात खडखडीत वाळते. जाड वाकळ पावसाळाभर दमट राहते, तिला कुबट वास येतो, दमेकऱ्याला त्रास होतो. घरात खरूज झाली तर सर्वांनी एकाच वेळी डॉक्टरी उपचार घ्यावेत आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालावे. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून किमान तीन-चार दिवस वेगळे ठेवावे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर फार दिवस जगत नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडावर कोणतीही वाकळ ओढू नये.

शेवटी घरच्यांना

घरातल्या पुरुषांना आणि सासूबाईंना आमचे एक सांगणे आहे. मुलीच्या पहिल्या दुपट्याला हसू नका. ज्याने पहिला तास सरळ मारला असा नांगऱ्या गावात असेल तर त्याने खुशाल हसावे. मशीनवरच्या बाटल्या आणि दप्तरे मात्र आजच उचला.

प्रेषितांच्या कृत्यांत (९:३६-४२) यापो गावच्या टबीथाची हकिगत आहे. ती मरण पावली तेव्हा गावातल्या विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. त्या वस्त्रांचे टाके सरळ होते की वाकडे, याची नोंद पवित्र शास्त्राने ठेवलेली नाही. ती वस्त्रे गरिबांच्या अंगावर होती, एवढे ठेवले आहे. आपल्या धर्मग्रामातही यंदा नाताळच्या थंडीत ज्या घरी बाळ जन्मेल, त्या घरी कोणाचे तरी बारा चौकोनांचे दुपटे पोहोचावे, वाकड्या पहिल्या चौकोनासकट.