आधी बासरी तपासा, मग मूल

गेल्या काही वर्षांत आपल्या वैद्यकीय वर्तुळात बासरीचे प्रेम वाढलेले दिसते. कुणाची मुले-नातवंडे शिकत आहेत, तर काही व्यवसायबंधूंनी पन्नाशी उलटल्यावर स्वतःच बांबू ओठांना लावला आहे. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो : रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक ट्यूनर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? प्रश्न वरवर खरेदीचा आहे. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने त्यात बरेच काही गुंतलेले आहे. ‘याला सुराचा कानच नाही’ असा शिक्का बसून एखाद्या मुलाचे शिक्षण सुटते, तेव्हा त्याच्या हातातील बासरीच बेसुरी नव्हती ना, हे क्वचितच कुणी तपासते.

ट्यूनर म्हणजे स्वराचा तापमापक. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे १०० समान भाग केले, की एक भाग म्हणजे एक ‘सेंट’. हे एकक अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ मध्ये रूढ केले. आपला स्वर अपेक्षित जागेपासून किती सेंट चढा वा उतरा आहे, एवढेच ट्यूनरची सुई सांगते. निदान मात्र आपणच करावयाचे असते.

निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ट्यूनर ‘क्रोमॅटिक’, म्हणजे बाराही स्वर ओळखणारा असावा. केवळ गिटारच्या तारांसाठी बनवलेला उपयोगाचा नाही. दुसरी, त्याला स्वतःचा मायक्रोफोन हवा. वाद्याला चिमट्याने लावायचे ट्यूनर लाकडाची कंपने टिपतात. बासरीत मुख्यतः आतील हवेचा स्तंभ कंप पावतो. तिसरी, संदर्भस्वर बदलण्याची सोय. सर्वसाधारण संदर्भ ४४० हर्ट्झचा असतो. तो ४३० ते ४५० पर्यंत सरकवता आला, तर दोन्ही बाजूंना सुमारे ४० सेंटची मोकळीक मिळते. चौथी, मोठी, ठळक आणि न थरथरणारी सुई. मोबाईलवरील अ‍ॅपही हे काम चोख करतात. मात्र लहान मुलाच्या रियाजात फोनचा पडदा नसलेला बरा. क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला ‘सी’ वाजवला, की ट्यूनर ‘बी-फ्लॅट’ दाखवतो. त्यात बिघाड काही नाही.

संदर्भस्वर बदलण्याची सोय आपल्याकडे विशेष गरजेची आहे, कारण बासरीला खुंट्या नसतात. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की हवेतील ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर सुमारे ३ सेंटने चढतो. आपल्या माळव्यात जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. श्वासाच्या उबेमुळे प्रत्यक्ष परिणाम गणितापेक्षा कमी असला, तरी कानाला जाणवण्याइतका असतोच. म्हणून आधी पाच-सात मिनिटे वाजवून बासरी उबदार करावी; मग संदर्भ सरकवून सुई ‘सा’वर मध्यभागी आणावी, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुराही त्याच ‘सा’शी जुळवावा. तानपुऱ्याने बासरीकडे यायचे असते.

यानंतर खरी मेख येते. ट्यूनरची मोजपट्टी हार्मोनियमप्रमाणे समान अंतरांची आहे. तानपुऱ्यातून उमटणारे स्वर नैसर्गिक प्रमाणांचे असतात. पाचास चार या प्रमाणाचा शुद्ध गंधार ‘सा’पासून ३८६ सेंटवर येतो, ट्यूनर मात्र ४०० अपेक्षितो. म्हणजे सुरेल गंधार वाजवला असता सुई १४ सेंट उतरलेली दिसणार. पाचास तीन या प्रमाणाचा धैवत १६ सेंटने उतरा दिसेल. पंचम जेमतेम २ सेंट चढा. हे ठाऊक नसलेला पालक सुई मध्यावर आणण्याचा आग्रह धरतो आणि मुलाचा बरोबर स्वर चुकीचा करवून घेतो.

मग ट्यूनरचा उपयोग कशासाठी? प्रथम वाद्य पारखण्यासाठी. बांबूची पोकळी आणि जाडी दरवेळी निराळी असते. एकाच मापाने छिद्रे पाडलेल्या जत्रेतील बासरीत एखादा स्वर ३०-४० सेंट ढळलेला असला तर नवल नाही. नवशिक्याची फुंक आणि ओठांचा कोन यांनीही स्वर हलतो, म्हणून ही परीक्षा जाणत्या वादकाकडून करवावी. त्यांच्या हातीही तोच स्वर तितकाच ढळत असेल, तर दोष बासरीचा. दुसरा उपयोग पडताळ्याचा : मुलाने डोळे मिटून तानपुऱ्याशी ‘सा’ किंवा पंचम जुळवावा, दीर्घ धरावा, आणि मगच डोळे उघडून सुई पाहावी. क्रम उलटला, की कानाचे शिक्षण थांबते आणि डोळ्याचे सुरू होते.

बासरी निर्दोष, शिक्षक समर्थ आणि तरीही मूल सातत्याने स्वर चुकवत असेल, तर रागावण्याआधी कान तपासावेत. मधल्या कानात द्रव साचल्याने येणारे बहिरेपण सौम्य असते, कमी-जास्त होत राहते आणि घरच्यांच्या ध्यानात येत नाही. ऑडिओमेट्री आणि टिंपॅनोमेट्री या साध्या, वेदनारहित चाचण्यांनी ते कळते, आणि बहुधा ते बरेही होते. बेसूरपणाचा शिक्का मात्र जन्मभर पुसत नाही. तो मारण्याची घाई आपण तरी करू नये.