सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपल्या जालना जिल्ह्यातील लहान मुलांनाही ठाऊक असते. ती उपहासाने वापरली जाते खरी. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तीत पुष्कळ तथ्य आहे. काही सरड्यांचे कुंपण खरोखरच फार लहान असते.

प्रशांत महासागरात विषुववृत्तावर गालापागोस नावाची बेटे आहेत. त्यांपैकी इसाबेला बेटावर, वोल्फ ज्वालामुखीच्या उतारावर, गुलाबी रंगाचा मोठा सरडा राहतो. पृथ्वीच्या पाठीवर तो अन्यत्र कोठेही नाही. चार्ल्स डार्विन १८३५ साली या बेटांवर गेला होता, पण त्याला तो दिसला नाही. तो १९८६ साली रक्षकांच्या दृष्टीस पडला आणि स्वतंत्र जाती म्हणून त्याची नोंद व्हावयास २००९ साल उजाडले.

बेट होण्यास समुद्रच लागतो असे मात्र नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीचे पठार उंच, खडकाळ व खुरट्या गवताचे असून त्याच्या कडेला खोल दऱ्या आहेत. उघड्या माळावर वावरणाऱ्या प्राण्यास दरीतील दाट झाडी ही समुद्राइतकीच दुस्तर होय. येथील एका सरड्याचा नर पावसाळ्यापूर्वी दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्याप्रमाणे उघडतो. तीवर निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग झळकतात. मादीला आकृष्ट करणे व दुसऱ्या नरास बजावणे, ही दोन्ही कामे हा पंखा करतो. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सरड्यांसाठी एक नवा वंश स्थापिला आणि त्यास ‘सरडा’ हेच नाव दिले. चाळकेवाडीची जाती ‘सरडा सुपर्बा’, म्हणजे दिमाखदार सरडा. खेड्यातील मुलाच्या तोंडचा शब्द अशा रीतीने जगाच्या शास्त्रग्रंथांत गेला!

या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या परिसराची व पवनचक्क्या नसलेल्या भागाची तुलना करणारे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी सुमारे एक चतुर्थांशच आढळले. सरडे मात्र अधिक होते. भय उणावल्याने ते माणसास अधिक जवळ येऊ देत. पण तेच सरडे अंगाने कृश होते आणि त्यांच्या पंख्याचे रंगही फिके होते. संख्या वाढली की अन्नासाठी चढाओढही वाढते. पाते फिरते आकाशात आणि रंग उतरतो दगडावरच्या सरड्याचा, ही साखळी वर्गात फळ्यावर काढून दाखविण्याजोगी आहे.

आपल्याकडे कुंपणावर दिसणाऱ्या साध्या सरड्याच्या नराचे डोके व गळा विणीच्या दिवसांत लालभडक होतो. तो विषारी आहे या समजुतीने मुले त्यास दगड मारतात. तो विषारी नाही. किडे-मुंग्या हे त्याचे भक्ष्य होय. शिक्षकांनी मुलांस दहा पावलांवर स्वस्थ बसवावे आणि सरडा मान किती वेळा हलवितो, रंग केव्हा बदलतो व माणूस किती जवळ आला असता पळतो, हे वहीत टिपावयास सांगावे. सकाळचे कोवळे ऊन ही त्यास योग्य वेळ होय.