अटॅकमनच्या हातातले तीस इंच

लॅक्रॉसमध्ये गोलच्या मागेही खेळ चालतो. गोलपासून मागच्या रेषेपर्यंत पंधरा यार्डांची जागा असते आणि तिच्या मधल्या भागाला खेळाडू ‘एक्स’ म्हणतात. संघातल्या तीन अटॅकमनांपैकी एक जण बहुधा तिथूनच आक्रमणाची सूत्रं हलवतो. चेंडू स्टिकच्या जाळीत, स्टिक एका हातात, नजर जाळ्यासमोर धावणाऱ्या सोबत्यांवर. त्याच्या अंगावर चालून येणाऱ्या बचावपटूच्या हातात सहा फुटांची स्टिक असते. अटॅकमनची स्टिक जेमतेम चाळीस इंचांची. बचावपटूला त्या छोट्या स्टिकवर आणि ती धरलेल्या हातमोज्यावर फटके मारायची नियमानेच मुभा आहे.

पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये छोटी स्टिक ४० ते ४२ इंच आणि लांब स्टिक ५२ ते ७२ इंच असावी लागते. दहा जणांच्या संघात लांब स्टिक धरणारे जास्तीत जास्त चारच, शिवाय गोलरक्षक. अटॅकमन सहसा ४० इंचांवरच थांबतो, कारण स्टिक जितकी आखूड तितकं समोरच्याला मारायला कमी सापडतं. चेंडू झेलणारं जाळीदार हेड वगळलं, तर त्याच्या हाती उरतो तीस इंचांचा पोकळ दांडा, म्हणजे शाफ्ट. हा शाफ्ट कोणता घ्यावा, यावर अमेरिका-कॅनडातले खेळाडू तासन् तास बोलू शकतात. ती चर्चा हौसेची वाटली तरी तिच्यात धातुशास्त्र आहे, हातांचं शास्त्र आहे आणि एका जमातीच्या कारागिरीचा इतिहासही आहे.

इतिहासापासूनच सुरुवात करायला हवी, कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही निवड करायची सोयच नव्हती. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. हॉडेनोशोनी, म्हणजे इरोक्वा राष्ट्रसंघातल्या लोकांसाठी तो निर्मात्याने दिलेला खेळ आहे. माणसांच्या आजारपणात आणि संकटात तो औषध म्हणून खेळला जातो. मुलगा जन्मला की त्याला छोटी स्टिक द्यायची आणि माणूस गेला की त्याची स्टिक त्याच्यासोबत पाठवायची, अशी त्यांची रीत. ती स्टिक हिकरीच्या एकाच लाकडाची असते. दांडा वेगळा आणि हेड वेगळं, हा प्रकारच तिच्यात नाही.

न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज शहराजवळ ओनोंडागा राष्ट्राची भूमी आहे. आल्फ जॅक्स (१९४९–२०२३) यांनी तिथे साठ वर्षं अशा स्टिक्स घडवल्या. विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून कोवळ्या वयात वडील लू यांच्यासोबत त्यांनी हे काम सुरू केलं. आधी सरळ वाढलेलं हिकरीचं झाड निवडायचं. ओंडका करवतीने न कापता रेषांच्या दिशेने फोडायचा, म्हणजे लाकडाचे धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. मग वाफेने मऊ करून टोक वाकवायचं, महिनोन् महिने सुकवायचं आणि हत्याराने सोलून हवी ती जाडी आणायची. झाडापासून तयार स्टिकपर्यंत बरेच महिने जात. आज कार्बनचा शाफ्ट बनवणारा अभियंता तंतूंची दिशा ठरवताना ज्याचा विचार करतो, तोच जॅक्स यांनी ओंडक्यासमोर उभं राहून केलेला असे: ताण कुठून जाणार आणि तो कोणत्या धाग्याने पेलायचा.

जॅक्स यांच्या सुरुवातीच्या काळात जगातल्या बहुतेक लाकडी स्टिक्स आक्वेसास्ने या मोहॉक वस्तीतल्या, कॉर्नवॉल बेटावरच्या चिझम कारखान्यात बनत. १९६८ साली तो कारखाना आगीत जळाला. दोनच वर्षांनी, १९७०मध्ये, बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने प्लॅस्टिकचं हेड आणलं. सुरुवातीला ते लाकडी दांड्यावर बसवत आणि पुढे ॲल्युमिनियमची नळी आली. लाकडी स्टिकला एकाच बाजूला भक्कम भिंत असते, त्यामुळे ती एका हाताच्या खेळाडूचीच राहते. प्लॅस्टिकचं हेड दोन्ही बाजूंनी सारखं. अटॅकमनसाठी हा बदल प्रचंड होता. उजवीकडून हूल देऊन डाव्या हाताने मारणं आता कोणत्याही होतकरू पोराला शिकता येऊ लागलं. आणि हेड दांड्यापासून सुटं झाल्यामुळे पहिल्यांदाच प्रश्न उभा राहिला: दांडा कोणता?

पहिलं उत्तर अर्थातच ॲल्युमिनियम. स्वस्त, हलकं, सहज मिळणारं. आजही नवशिक्याच्या हाती हाच शाफ्ट असतो. त्याचा दोष मैदानावर उतरल्यावर कळतो. सहाफुटी स्टिकचे फटके खाऊन त्याला खड्डे पडतात आणि तो हळूहळू वाकतो.

या वाकण्याला कंटाळलेल्यांपैकी एक होता प्रिन्स्टन विद्यापीठाचा बचावपटू डेव्ह मॉरो. डेट्रॉइटच्या परिसरात त्याच्या वडिलांचा धातूच्या नळ्यांचा व्यवसाय होता. त्यातूनच टायटॅनियमचा शाफ्ट करून पाहण्याची कल्पना पुढे आली. टायटॅनियमची घनता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त, पण ताकद इतकी की नळीची भिंत पातळ ठेवता येते. शिवाय ते किंचित वाकून परत सरळ होतं. १९९२मध्ये प्रिन्स्टनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याच सुमारास मॉरोने वॉरियर ही कंपनी उभी केली. पुढे २००४मध्ये ती न्यू बॅलन्सने विकत घेतली.

टायटॅनियमनंतर आलं स्कँडियम. नाव मोठं असलं तरी अशा शाफ्टमध्ये स्कँडियम एक टक्क्याहूनही कमी असतं. बाकी सगळं ॲल्युमिनियमच. पण तेवढ्याशा मिश्रणाने धातूचे कण बारीक होतात आणि नळी हलकी राहूनही फटके सोसते. सोव्हिएत अभियंत्यांनी असाच मिश्रधातू मिग-२९ विमानाच्या काही भागांसाठी वापरला होता. शीतयुद्ध संपल्यावर तो बेसबॉलच्या बॅट, सायकली आणि लॅक्रॉसच्या शाफ्टपर्यंत पोचला.

आणि शेवटी कार्बन. अटॅकमनची निवड खऱ्या अर्थाने अवघड केली ती त्याने. धातूच्या नळीचं लवचीकपण धातू आणि भिंतीची जाडी यांवर ठरतं. कार्बनच्या नळीत ते कारागिराला हवं तसं ठरवता येतं. तंतूंचे थर कोणत्या कोनात लावायचे, कुठे जास्त आणि कुठे कमी, यावर शाफ्ट खालून वाकेल की मधून, की जवळजवळ वाकणारच नाही, हे अवलंबून. त्यामुळे दुकानात आता वजनाबरोबर ‘फ्लेक्स’ही विचारला जातो.

फ्लेक्सचा उपयोग सगळ्यांना सारखा नाही. खेळाडू लांबून जोरात फेकतो, तेव्हा हात पुढे जातात पण हेड आणि चेंडू जडत्वामुळे क्षणभर मागे राहतात. शाफ्ट वाकतो आणि सरळ होताना साठवलेली ऊर्जा चेंडूला देतो. २०१०मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीग लॅक्रॉस या व्यावसायिक लीगच्या वेगवान फटक्यांच्या स्पर्धेत पॉल रेबिलचा चेंडू ताशी १११ मैलांनी गेला होता. रेबिल मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीचा खेळाडू. त्याच्यासारख्या खेळाडूला धावत येऊन पूर्ण हात फिरवायला जागा आणि वेळ मिळतो. गोलच्या दारात उभ्या असलेल्या अटॅकमनला तो वेळ नसतो. पास येतो, तो झेलतो आणि त्याच हालचालीत मनगटाने चेंडू जाळ्यात ढकलतो. त्या क्षणी वाकणारा शाफ्ट म्हणजे उशीर. म्हणून जवळून गोल करणाऱ्याने ताठ शाफ्ट घ्यावा, हे या लेखकाचं स्पष्ट मत आहे. लांबून मारणाऱ्याने लवचीक शाफ्ट घेतला तर त्याचा लाभ होतो. एक्सवरून पास देणाऱ्याला या दोन्हींपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे खात्री. प्रत्येक पासला शाफ्ट सारखाच वागला पाहिजे.

वजनाच्या बाबतीत मात्र जाहिरातींनी बरीच दिशाभूल केली आहे. बाजारातले तीस इंची शाफ्ट साधारण सव्वाशे ते दोनशे ग्रॅमच्या दरम्यान असतात. चेंडू असतो १४०-१४९ ग्रॅमचा, घट्ट रबराचा. म्हणजे सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड शाफ्ट यांतला फरक फार तर अर्ध्या चेंडूइतका. तो जाणवत नाही असं नाही. एका हाताने चेंडू जाळीत झुलवत ठेवायचा, मनगट सतत फिरवत राहायचं, वर हूल द्यायची, हे तासभर करताना पन्नास ग्रॅमही बोलू लागतात. पण दांडा फार हलका झाला की सगळं वजन हेडकडे जातं, स्टिक पुढे झुकते आणि चेंडू कुठे आहे हे हाताला नीट कळेनासं होतं. क्रिकेट खेळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. बॅट काट्यावर किती भरते यापेक्षा तिचा ‘पिकअप’ कसा आहे हे तो आधी पाहतो. सचिन तेंडुलकर तर जड बॅट घेऊनच शतकं काढत राहिला. शाफ्टही असाच, आपलं हेड आणि आपली जाळी बसवून, चेंडू आत ठेवूनच पारखावा. दुकानातल्या भिंतीवर टांगलेली सुटी नळी हातात घेऊन काही कळत नाही.

आकाराकडे लोक कमी लक्ष देतात, ते चूक आहे. बहुतेक शाफ्ट अष्टकोनी असतात, काहींच्या बाजू किंचित आत दबलेल्या. या कडांमुळे न पाहता, हातमोज्याच्या आतूनही, हेडचं तोंड कुठे आहे हे बोटांना समजतं. गोलला पाठ करून उभ्या असलेल्या अटॅकमनचा तोच भरवसा. घाम आणि पावसासाठी काही कंपन्या पृष्ठभाग खरखरीत ठेवतात, पण वापराने तो गुळगुळीत होतो. अनुभवी खेळाडू खालच्या टोकाला कापडी टेप गुंडाळतात, म्हणजे खालचा हात दांड्याचा शेवट आपोआप ओळखतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांचा हंगाम फेब्रुवारीत, उत्तरेत बर्फ असतानाच सुरू होतो. त्या थंडीत धातूचा शाफ्ट बोटं बधिर करतो, कार्बनचा त्यामानाने कमी.

हलकी स्टिक काय करू शकते याचा सगळ्यात गाजलेला दाखला १९८८चा. विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सिराक्यूजचा गॅरी गेट पेनसिल्व्हेनियाविरुद्ध गोलच्या मागून धावत आला, हवेत झेपावला आणि हात लांबवून वरच्या दांडीखालून चेंडू आत ठेवला. एकदा नाही, त्या सामन्यात दोनदा. गेट कॅनडाचा. तिथे बर्फाच्या हॉकीची रिंगणं उन्हाळ्यात रिकामी पडत, म्हणून १९३०च्या दशकात बंदिस्त ‘बॉक्स’ लॅक्रॉस रुजलं. त्यातलं गोलजाळं मैदानी खेळातल्या सहा बाय सहा फुटांपेक्षा बरंच छोटं असतं. तिथे वाढलेले अटॅकमन ताकदीपेक्षा हुलीवर जगतात.

ओनोंडागाच्या परंपरेत वाढलेला लाइल थॉम्पसनही हुलीचाच खेळाडू. ऑल्बनी विद्यापीठाकडून खेळताना २०१४मध्ये त्याने भाऊ माइल्ससोबत टेवाराटन पुरस्कार मिळवला. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हा मान मूळ अमेरिकी खेळाडूंना तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. पुढच्या वर्षी लाइलने तो पुन्हा जिंकला.

अटॅकमनच्या शाफ्टने नुसतं आक्रमण करून भागत नाही, हेही खरेदीच्या वेळी विसरलं जातं. चेंडू गेला की त्याच तीन अटॅकमनांना उलटं धावून चेंडू बाहेर काढणाऱ्या बचावपटूंना अडवावं लागतं, आणि मग फटके मारणारा शाफ्ट त्यांचा असतो. इथे कार्बन आणि धातू वेगळे वागतात. धातू आधी वाकून सूचना देतो. कार्बन शेवटपर्यंत सरळ दिसतो आणि एका फटक्यात तुटतो, आणि त्याचे तंतू हाताला टोचतात. तडा गेलेला शाफ्ट मैदानावर आणू नये. दर सामन्याआधी बोटं फिरवून आणि टिचकी मारून आवाज ऐकून तो तपासावा.

या सगळ्या हिशेबाला नवं वळण मिळालं ते मुंबईत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने २०२८च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी ज्या पाच खेळांना मान्यता दिली, त्यांत क्रिकेटबरोबर लॅक्रॉसही होतं. पदकांसाठी लॅक्रॉस यापूर्वी फक्त १९०४ आणि १९०८ साली खेळलं गेलं होतं. २०२३च्या जागतिक स्पर्धेत तिसरा आलेला हॉडेनोशोनी संघ मात्र ऑलिंपिकच्या दारात अडतो, कारण त्या राष्ट्रसंघाची मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिती नाही. ज्यांनी हा खेळ जगाला दिला ते तिथे खेळायलाच हवेत.

लॉस एंजेलिसमध्ये ‘सिक्सेस’ खेळलं जाईल: संघात सहा जण, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार भाग आणि हल्ला पूर्ण करायला तीस सेकंद. पुरुषांच्या सिक्सेसमध्ये सहाफुटी स्टिक नाही. सगळ्यांनाच धावायचं, सगळ्यांनाच अडवायचं, सगळ्यांनाच गोल मारायचे. इथे सगळ्यात हलका शाफ्ट घेणारा अटॅकमन अडचणीत येईल. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा, ताठ, मिश्रधातूचा शाफ्ट नव्या खेळाडूने आधी एक हंगाम वापरावा. आपण जवळून मारतो की लांबून हे त्याला तोवर कळलेलं असतं, आणि शंभर डॉलरच्या पुढे किंमत जाणारा कार्बनचा शाफ्ट कोणत्या फ्लेक्सचा घ्यायचा, हे मग दुकानदाराला विचारावं लागत नाही.