कृपादान कुलपात ठेवू नका



फौजेतून निवृत्त झालो तेव्हा वाटले, मंडळीला द्यायला माझ्याकडे काय आहे? मला ना गाता येते, ना उपदेश करता येतो.

पण १ पेत्र ४:१० म्हणते, कृपादान प्रत्येकाला मिळाले आहे. आपण त्याचे कारभारी आहोत. कारभारी मालक नसतो. मिळालेले त्याने इतरांसाठी वापरायचे असते.

पंडिता रमाबाईंचे पाहा. संस्कृतच्या ज्ञानामुळे १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. त्या मानावरच त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी विधवांना आणि दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला. हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणले, आणि छपाईचे काम तिथल्याच स्त्रियांना शिकवले. एकीच्या कृपादानाने अनेकींच्या हाताला काम मिळाले.

मला फक्त कागदपत्रे नीट लावता येतात. म्हणून जवानांच्या विधवांना पेन्शनचे अर्ज भरून देऊ लागलो. परवा एका ताईंनी स्वतःचा अर्ज स्वतःच भरला, आणि शेजारणीचाही!

तुम्हांला काय येते? त्याची गरज कोणाला आहे? आजच त्यांच्याकडे जा.