बिनव्याजी हप्ता आणि शेतकऱ्याचा हिशेब

ऋण काढून सण करू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु त्यांच्या काळी ऋण देणारा आणि सणाची वस्तू विकणारा हे दोघे निराळे असत. सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसावे लागे, कागदावर अंगठा करावा लागे, आणि त्या फेऱ्यांतच मनुष्य दोनदा विचार करी. आज तसे राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी दूरचित्रवाणीचा संच, शीतकपाट किंवा भारी मोबाइल घेण्यास गेल्यावर दुकानदारच कर्जाची व्यवस्था करून देतो, पंधरा मिनिटांत वस्तू गाडीत चढते, आणि वर तो सांगतो की, ‘यास व्याज म्हणून एक पैसा नाही.’ हे बिनव्याजी हप्ते खरोखर काय आहेत, आणि वर्षातून दोनदाच ज्याच्या हाती रक्कम येते त्या शेतकऱ्यास ते कितपत मानवतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाने आपली सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनीत घालविली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढताना आणि उतरताना हजारो वेळा पाहिला. तरीही घरातल्याच एका प्रकरणाने जे शिकविले, ते दप्तराने शिकविले नव्हते.

आमचे एक चुलत बंधू लातूर जिल्ह्यात शेती करतात. आठ एकर जमीन, खरिपास सोयाबीन, रब्बीस हरभरा. गेल्या वर्षीच्या दसऱ्यास त्यांनी रु. ६०,००० किमतीचा मोठा दूरचित्रवाणी संच घेतला. दरमहा रु. ५,००० प्रमाणे बारा हप्ते, व्याज शून्य, प्रोसेसिंग फी रु. ९९९ व तिजवर १८ टक्के जीएसटी मिळून रु. १,१७९. घरातील मुले आनंदली. मलाही त्या वेळी त्यात काही वावगे दिसले नाही. पुढे काय झाले ते यथाक्रम सांगतो. आधी या व्यवहाराची घडण पाहू.

व्याजाचे नाव न घेता व्याज घेण्याची रीत आपल्या मुलुखास नवी नाही. पूर्वी सावकार शंभराचा कागद लिहून घेई आणि मनोती म्हणून काही रुपये आधीच कापून उरलेले कुळाच्या हातावर ठेवी. कागदावर दर सौम्य दिसे; घेतलेल्या आणि लिहिलेल्या रकमेतील अंतरातच खरा दर लपलेला असे. अशा कागदांविषयीचा रोष १८७५ साली उसळला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांकरिता शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशास असा अधिकार दिला की, कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता त्यामागे मूळ रक्कम किती दिली गेली याचा शोध घ्यावा. आजच्या हप्त्याच्या कागदासही हीच कसोटी लावली पाहिजे.

बिनव्याजी हप्त्यात तीन पक्ष असतात: माल बनविणारी कंपनी अगर तिचा दुकानदार, पैसे पुरविणारी वित्तकंपनी किंवा बँक, आणि आपण. वित्तकंपनी दुकानदारास वस्तूची पूर्ण किंमत देत नाही. साठ हजारांच्या वस्तूपोटी ती काही हजार कमी देते आणि आपणाकडून मात्र पुरते साठ हजार वसूल करते. हे अंतर म्हणजेच तिचे व्याज. ते कंपनीने किंवा दुकानदाराने आपल्या नफ्यातून सोसले, तर आपला व्यवहार खरोखरच बिनव्याजी झाला. परंतु रोखीने घेणाऱ्यास जी सूट मिळाली असती तीच रोखून धरून हे अंतर भरून काढले, तर व्याज आपणच दिले. केवळ त्याचे नाव बदलले. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत बँक आपल्या नेहमीच्या दराने व्याज आकारते आणि तेवढीच सूट किमतीत दाखविली जाते. परंतु त्या व्याजावरील जीएसटी बहुधा ग्राहकाच्याच माथी राहतो.

आता बंधूंच्या व्यवहाराचा हिशेब करू. तोच संच रोखीने रु. ५६,००० ला मिळत होता, हे मागाहून कळले. म्हणजे वस्तूचे खरे मोल छप्पन्न हजार. पहिल्याच दिवशी फीचे रु. १,१७९ गेले, सबब प्रत्यक्षात उधार मिळाले रु. ५४,८२१. परत करावयाचे रु. ६०,०००. जादा रक्कम रु. ५,१७९. कोणी म्हणेल, चोपन्न हजारांवर पाच हजार, म्हणजे साडेनऊ टक्केच झाले. येथेच चूक होते. कर्ज वर्षभर पुरते आपणाकडे राहत नाही. दरमहा पाच हजार परत जातात. वर्षाची सरासरी काढली असता सुमारे तीस हजारच रुपये आपण वापरले असे ठरते. तीस हजारांवर पाच हजार एकशे एकोणऐंशी, म्हणजे दरसाल सुमारे १७ टक्के.

पुष्कळ दुकानांतून ‘बारा हप्ते, पैकी चार आगाऊ’ अशीही योजना असते. ऐकावयास ती हलकी वाटते, कारण पुढे आठच हप्ते राहतात. परंतु तोच संच या रीतीने घेतला असता, तर पहिल्याच दिवशी वीस हजार व फी देऊन उधार उरले असते रु. ३४,८२१ आणि तेही आठ महिन्यांत फेडावयाचे. जादा रक्कम मात्र तीच, रु. ५,१७९. हा दर दरसाल ३८ टक्क्यांच्या घरात जातो. हप्ते जितके आगाऊ, तितका हा लपलेला दर चढतो, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

या गोष्टीकडे सरकारी यंत्रणेचे लक्ष गेलेले नाही असे नाही. २०१३ सालच्या सप्टेंबर महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांस कळविले की, शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नाही. क्रेडिट कार्डाच्या येण्यावरील अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते, सबब हा प्रकार बंद करावा. त्यानंतर योजनांनी रूप बदलले, पण त्या राहिल्या. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांबाबत असा नियम झाला की, कर्ज देणाऱ्याने ग्राहकास समजणाऱ्या भाषेत मुख्य बाबींचे एक विवरणपत्र द्यावे आणि त्यात सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर लिहावा. हे पत्र मागून घेणे हा आपला हक्क आहे. तथापि त्यातही एक गोष्ट लिहिलेली सापडणार नाही, ती म्हणजे रोखीने घेतल्यास किती सूट मिळाली असती. ती आपली आपणच, हप्त्याचा विषय काढण्यापूर्वी, विचारली पाहिजे.

व्यवहार खरोखर बिनव्याजी असला तर काय? रोखीची किंमत तीच, फी नाही, आगाऊ हप्ता नाही, असे सणासुदीस क्वचित घडते. मग आपले साठ हजार बँकेत ठेवून त्यांतून दरमहा हप्ता दिल्यास, सहा टक्क्यांच्या हिशेबाने वर्षास सुमारे एकोणीसशे रुपये सुटतात. लाभ आहे, तो घेण्यास हरकत नाही. परंतु लाभ एवढाच आहे. आणि तो त्यालाच मिळतो, ज्याच्याजवळ पैसे आधीपासून शिल्लक आहेत. ज्याच्याजवळ ते नाहीत, तो लाभ घेत नसून कर्ज काढीत आहे.

आता बंधूंची हकीकत. हप्ता महिन्याच्या महिन्यास येतो. शेत महिन्याच्या महिन्यास पिकत नाही. सोयाबीनच्या पट्टीतून पहिले हप्ते सुखाने गेले. मग हरभऱ्याचे बियाणे, खत, मुलीच्या शाळेचा खर्च यांत खाते रिकामे झाले. पौष आणि माघात दोन हप्ते बँकेतून परत गेले. प्रत्येक खेपेस बँकेने जीएसटीसह रु. ५९० आणि वित्तकंपनीने रु. ५०० आकारले, दोन्ही मिळून रु. २,१८०. रोज फोन येऊ लागले, एकदा वसुलीचा मनुष्य दारी येऊन गेला. चार लोकांत लाज नको म्हणून हरभऱ्याचे पैसे हाती येताच बंधूंनी आधी ते हप्ते भागविले.

इकडे गावच्या सोसायटीचे रु. १,२०,००० चे पीककर्ज मुदतीस आले होते. सोसायटी फोन करीत नाही, दारी मनुष्य पाठवीत नाही. रक्कम काही हजारांनी अपुरी पडली आणि मुदतीचा दिवस टळला. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाची जी सवलत मिळते, ती गेली. सात टक्क्यांनी एका वर्षाचे व्याज रु. ८,४०० भरावे लागले. आता बेरीज करावी: पाच हजार एकशे एकोणऐंशी, दोन हजार एकशे ऐंशी आणि आठ हजार चारशे; एकूण रु. १५,७५९. छप्पन्न हजारांचा संच बहात्तर हजारांस पडला, आणि कागदावर व्याज शून्यच राहिले.

येथे एक फरक सांगणे अवश्य आहे. पीककर्जावरील सवलतीत व्याज कोण भरतो हे उघड आहे. ते सरकारी तिजोरीतून भरले जाते. म्हणून ते कर्ज मुदतीत फेडणाऱ्यास खरोखर स्वस्त पडते. जो तगादा करतो त्याचे कर्ज आधी आणि जो गप्प बसतो त्याचे मागून, ही मनुष्याची स्वाभाविक वृत्ती आहे. पण तीमुळे स्वस्त कर्ज थकते आणि महाग कर्ज फिटते.

दुसरी गोष्ट. हे कर्ज सातबाऱ्यावर दिसत नाही, म्हणून ते कोठेच दिसत नाही असे समजू नये. २००५ सालच्या कायद्यान्वये चालणाऱ्या पतमाहिती कंपन्यांकडे प्रत्येक हप्त्याची नोंद जाते. उद्या ट्रॅक्टर, ठिबक किंवा विहिरीवरील पंप यांसाठी कर्ज मागावयास गेल्यास बँक ती नोंद पाहते. दूरचित्रवाणीचे दोन चुकलेले हप्ते विहिरीच्या आड येतात. आपली ही नोंद वर्षातून एकदा विनामूल्य पाहावयास मिळते; ती अवश्य पाहावी.

सबब, वस्तू घेण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम रोखीची शेवटची किंमत दोन दुकानांत विचारावी. नंतर फी, विमा, आगाऊ हप्ते यांसह एकूण किती द्यावयाचे ते कागदावर लिहून घ्यावे. न मागितलेला विमा काढावयास लावावा. विवरणपत्र मराठीत मागावे. ज्याच्या घरी दुधाचे पैसे दर पंधरवड्यास येतात किंवा कोणी पगारदार आहे, त्यानेच मासिक हप्त्याचा विचार करावा. इतरांनी सुगीपर्यंत थांबावे, त्या पैशांतून पीककर्ज आधी फेडावे आणि उरल्यास रोखीने वस्तू घ्यावी. हप्ता घेतलाच, तर सगळ्या हप्त्यांची रक्कम निराळ्या खात्यात पहिल्याच दिवशी ठेवावी. ती ठेवता येत नसेल, तर ती वस्तू यंदा आपल्यासाठी नाही असे समजावे.

करमणुकीची वस्तू शेतकऱ्याने घेऊच नये, असे म्हणण्याचा हेतू मुळीच नाही. दिवसभर रानात राबणाऱ्यास संध्याकाळी घटकाभर विसावा हवा, मुलांसही जगाची ओळख हवी. बंधूंचा तो संच आजही त्यांच्या ओसरीवर चालू असतो आणि आम्ही सारे तो पाहतो. यंदा मात्र सोयाबीनची पट्टी येताच त्यांनी सोसायटीच्या हप्त्यापुरती रक्कम बाजूस काढून ठेवली आहे. शेजाऱ्याने नवा मोबाइल बिनव्याजी मिळतो म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘रोखीने कितीला देतो?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय आपल्या वाचकांपैकी प्रत्येकास लागावी, इतकीच या लेखाची अपेक्षा आहे.