बारिशाची आटचाला आणि आपली गोधडी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढा, हे मी चाळीस वर्षं सांगत आले. आता शैक्षणिक धोरणच ते सांगतं. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम. ए.च्या पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण आलं.  माझं दुखणं वेगळं आहे. तास भरतात, शिक्के बसतात आणि मुलं एकाही वस्तूला हात न लावता परत येतात.

वस्तूंवरून इतिहास वाचणं, त्याला इतर शास्त्रांची जोड देणं हे फॅड आहे असं म्हणणारे विद्वान आमच्यात पूर्वीही होते, आजही आहेत. त्यांच्या मते कागद तेवढा खरा. त्यांना मी दामोदर कोसंबींची आठवण करून देते. गणिताचा हा प्राध्यापक जुनी नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून काळाचा क्रम लावत होता. पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवत, देवीच्या ठाण्यांजवळ गारगोटीची सूक्ष्म हत्यारं वेचत होता. त्यांचं इतिहासाभ्यासाच्या पद्धतीवरचं पुस्तक १९५६चं. ते आजही वाचायला सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

पण माझं मन गुंततं ते बंगालचे जदुनाथ सरकार आणि आपले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई या जोडीत. जदुनाथ इंग्रजी साहित्याचे एम. ए. औरंगजेबाच्या मागावर निघाले तसे फारसी शिकले, मराठीही शिकले. इकडे रियासतकार पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढत होते. दोघांमध्ये जवळपास पन्नास वर्षं पत्रं धावली. दोघं मिळून गडकोट आणि रणांगणं पाहायला जात. जदुनाथ १९५८ साली गेले, रियासतकार पुढच्याच वर्षी. दोन प्रांतांनी एकमेकांचा इतिहास एकत्र बसून वाचायचा, ही रीत त्यांच्याबरोबर जवळजवळ संपली.

ती पुन्हा सुरू करावी म्हणून मी मुलांना कोलकात्याच्या बेहाल्याला नेलं. तेव्हा डायमंड हार्बर रस्त्यावरून ट्राम धावत होती. आता जोक्यापर्यंत मेट्रो आहे. कोलकात्याला जाऊन व्हिक्टोरिया मेमोरियल सोडून बेहाला कशाला, असं सहकाऱ्यांनी विचारलं होतं. बेहाल्याच्या बारिशात सावर्ण रायचौधुरींची आटचाला, म्हणजे आठ उतारांच्या छपराचा मंडप, आहे म्हणून. १६९८च्या नोव्हेंबरात सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे जमीनदारी हक्क याच घराण्याने १३०० रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीकडे दिले, तो व्यवहार इथला मानतात. आता छप्पर नाही, खांब उभे आहेत. मुलांना मी एकच प्रश्न दिला होता: नेमकं काय विकलं? जमीन की वसुलीचा हक्क? वतन आणि मिरास यांचा अभ्यास केलेल्या एका मुलाला तो फरक लगेच उमगला. पुढे २००३ साली कोलकाता उच्च न्यायालयाने कंपनीच्या जॉब चार्नॉकला शहराचा संस्थापक मानायला नकार दिला, तेव्हा त्याच मुलाचं पत्र आलं. त्यात फक्त निकालाची बातमी होती आणि खाली सही. मी ते जपून ठेवलं आहे.

सत्येन रॉय रस्त्यावरच्या राज्य पुरातत्त्व संग्रहालयात पाल काळाची शिल्पं आहेत, मालद्याच्या जगजीवनपूरचे मातीचे फलक आहेत. जगजीवनपूरला १९८७ साली एक ताम्रपट निघाला आणि पालांच्या वंशावळीत महेंद्रपाल हा एक राजाच वाढला. एका पत्र्याने पाठ्यपुस्तक बदलतं, ते असं.

मग मराठ्यांचा प्रश्न. बंगालात मराठा बारगीर आजही अंगाईत येतो, लहान मूल ज्याच्या भीतीने झोपतं तो. गंगारामाचं ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य भास्करराम कोल्हटकरांच्या स्वाऱ्यांबद्दल आहे, आणि ते १७४४ साली त्यांच्या वधाशी थांबतं. आपल्याकडे चौथाई म्हणून जे शिकवतात, ते तिथे जळालेलं गाव म्हणून वाचावं लागतं. ते वाचून सातारची एक मुलगी त्या संध्याकाळी जेवली नाही. तिला मी समजावलं नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी असं उपाशी झोपावं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी जोक्याच्या गुरुसदय संग्रहालयात तीच मुलगी एका कांथेपुढे तासभर उभी राहिली. जुन्या साड्यांचे पदर एकावर एक, काठातून उसवून काढलेले रंगीत दोरे, सगळीकडे बारीक धावदोरा. मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेली ती कांथा, तिच्यावर तिचं नाव टाक्यांत लिहिलेलं. “बाई, ही आमची गोधडीच की!” ती म्हणाली. मग प्रश्नांची रीघ लागली: कापड कुठल्या गिरणीचं, की मागावरचं? बाई अक्षर कुठे शिकली? टाक्यांत काढलेले गोरे शिपाई तिने कुठे पाहिले? अर्थशास्त्र, शिक्षण आणि स्त्रियांचा इतिहास त्या एका कापडात शिवलेले होते.

गुरुसदय दत्तांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या या संग्रहाचं केंद्रीय अनुदान २०१७ नंतर थांबलं. अशा ठिकाणी आपली दहा मुलं महिनाभर नोंदी करायला का पाठवू नयेत? मी विचारलं तेव्हा एका कार्यालयातून उत्तर आलं, संस्था कार्यप्रशिक्षणाच्या यादीत नाही.

सातारच्या त्या मुलीने घरी जाऊन आजीची गोधडी मागितली आणि एका कोपऱ्याचा टाका उसवला. आत तीन थर निघाले: आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं आणि सर्वांत आत पिठाच्या पोत्याचं कापड, त्यावर गिरणीचा पुसट शिक्का. तिने तो शिक्का कागदावर उतरवून घेतला, आजीला शेजारी बसवून पोतं कुठल्या वर्षीच्या दुष्काळातलं ते विचारलं, आणि मग टाका पुन्हा घातला.